पत्रा, हातोडी आणि इतिहास

जून महिन्यात शाळेत मुलांकडून माहितीचे फॉर्म भरून घेतले जातात. त्यातल्या ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘बिझनेस’ असे लिहिले होते. त्याचे वडील डेंटर आहेत हे मला ठाऊक होते. बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “सर, डेंटर लिहिलं की पोरं हसतात.”

माझे मामूही डेंटर होते. लहानपणी सुटीत त्यांच्याकडे गेलो, की जुन्या जीपचा पत्रा धरून उभे राहणे हे माझे काम असे. म्हणून त्या मुलाचे उत्तर मला लागले. डेंटरच्या कामाला इतिहास नसतो, असे आपणच मुलांना शिकवले आहे. प्रत्यक्षात तो आहे आणि मोठा रंजक आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात विलिस-ओव्हरलँड ही जीप बनवणारी कंपनी अडचणीत होती. लष्कराची मागणी थांबली होती. नागरिकांसाठी गाड्या काढायच्या, तर त्यांच्या बॉडीचा पत्रा दाबून देणारे मोठे कारखाने इतर कंपन्यांच्या कामात गुंतलेले होते. शेवटी घरगुती उपकरणांचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यांकडून काम करून घ्यावे लागले. त्यांच्या प्रेसमध्ये पत्रा सुमारे सहा इंचांपेक्षा खोल दाबता येत नसे. ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने ही मर्यादा स्वीकारून सपाट मडगार्ड आणि सरळ कडा असलेली गाडी आखली. 1946 मध्ये स्टेशन वॅगन आली आणि 1947 मध्ये तोच चेहरा घेऊन पिकअप ट्रक आला. तो 1965 पर्यंत बनत राहिला. लोक आज ज्याला रुबाब म्हणतात, तो मुळात नाइलाज होता.

या नाइलाजाचा फायदा पुढे दुरुस्ती करणाऱ्यांना झाला. गोलाईदार मडगार्ड हाताने घडवणे फार कठीण असते. सपाट पत्रा मात्र कापता, वाकवता आणि जोडता येतो. म्हणूनच अमेरिकेत हौशी लोक हे पिकअप आजही पुन्हा उभे करतात. पाणी आणि माती साचते तिथे, म्हणजे केबिनचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि दरवाजाखालची पट्टी, यांना गंज आधी धरतो. पण गंजलेला भाग लगेच कापायचा नसतो. आधी चॅसी सरळ आहे का, हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके माप घेऊन पाहतात. मग दरवाजाच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या जोडतात, कारण खालचा आधार काढला की केबिन खचते आणि नंतर दरवाजा बसत नाही. कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके ड्रिलने सोडवून जुना पत्रा वेगळा करतात.

नवा पत्रा आधी फक्त पकडींनी अडकवतात. दरवाजा बिजागरीवर चढवून बंद करून बघतात. फट चारही बाजूंनी सारखी दिसली तरच वेल्डिंग करतात, तेही एकेक ठिपका, दूरदूर. एका जागी उष्णता साचली तर पत्रा पोळीसारखा फुगतो. आधी केबिन, मग दरवाजे, मग मडगार्ड आणि शेवटी बॉनेट असा क्रम ठेवतात. केबिनचा एखादा कोपरा खाली असेल, तर त्याखालच्या रबराजवळ पातळ चकती घालून तो उचलतात. सगळे भाग जुळेपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळत नाहीत. मागचा हौदा आणि फाळका केबिनच्या रेषेत बसवतात. यात घाई केली, तर ती चूक लांबी भरून झाकावी लागते. मामू म्हणायचे, “लांबी जास्त लागली की समज, उस्तादचं ऐकलं नाही.”

विलिसची जीप मुंबईलाही आली. 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मुहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. माझगावात विलिसच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि सपाट मडगार्डची ती घडण आपल्या रस्त्यांवर कित्येक दशके टिकली.

हा इतिहास पुस्तकांत मिळतो. मालकांची नावे मिळतात, डिझायनरचे नाव मिळते. पण या गाड्यांचे सडलेले पत्रे हातोडी-डॉलीने बदलून त्या चालत्या ठेवणाऱ्यांची नावे कुठेही नाहीत. त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते आणि आपल्या समाजातले कितीतरी होते. हा हुनर उस्तादकडून शागिर्दाकडे तोंडी गेला. आपण शिकलो, लिहू-वाचू लागलो, पण त्यांचे लिहून ठेवले नाही. मीही मामूंना त्यांच्या उस्तादचे नाव कधी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.

त्या मुलाला मी टोलेडोच्या प्रेसची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. फॉर्मवरचा शब्द त्याने बदलला नाही आणि मीही आग्रह धरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, “सर, अब्बांना त्यांच्या उस्तादचं नाव विचारू?”

वाचकहो, तुमच्याही घरात किंवा मोहल्ल्यात एखादा जुना डेंटर असेल. त्याच्याजवळ बसा. काम कुणाकडून शिकला, पहिली गाडी कोणती, कोणत्या हत्याराला काय म्हणत, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा.