न बांधलेल्या इमारतीचा धूर

इमारत अजून कागदावरच आहे, पायाही खणलेला नाही. तरी ती वापरात आल्यावर वर्षाला किती हरितगृह वायू हवेत सोडील, हे आजच सांगायचे आहे. हे कसे शक्य आहे? ब्रिटनमध्ये हा प्रश्न नियमाच्या रूपाने पुढे आला. त्याच्या उत्तराचा इतिहास बोधप्रद आहे.

२००३ साली लंडनच्या मर्टन या विभागाच्या नगर परिषदेने एक नियम केला. १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या बिगरनिवासी इमारतीने आपल्याला लागणाऱ्या ऊर्जेपैकी किमान १० टक्के ऊर्जा सूर्य, वारा अशा अपारंपरिक स्रोतांतून जागेवरच मिळवावी, असा तो नियम होता. पण १० टक्के काढायचे तर एकूण गरज किती, हे आधी ठाऊक हवे. २००४ मध्ये लंडन महानगराच्या विकास आराखड्याने मोठ्या प्रकल्पांकडून ऊर्जेचा हिशेब मागितला. २००६ पासून इंग्लंडच्या बांधकाम नियमांनी नव्या घरांच्या उत्सर्जनाला मर्यादा घातली.

हिशेबाची रीत सोपी आहे. भिंती, खिडक्या व छपरातून किती उष्णता बाहेर जाईल, दिवे व गरम पाणी यांना किती ऊर्जा लागेल, हे आराखड्यावरून काढायचे. मग प्रत्येक इंधनाच्या युनिटांना त्याच्या उत्सर्जन गुणांकाने गुणायचे. एका युनिटमागे किती किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड (इतर हरितगृह वायूंचा परिणाम धरून) बाहेर पडतो, ते हा गुणांक सांगतो.

आपण एक उदाहरण करून पाहू. एका घराला वर्षाला ४५०० युनिट उष्णता हवी आहे. गॅसच्या बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर ५००० युनिट गॅस लागेल. घरांसाठीच्या २०१२ च्या अधिकृत ब्रिटिश पद्धतीत गॅसचा गुणांक ०.२१६ होता आणि विजेचा ०.५१९. म्हणजे गॅसने १०८० किलोग्रॅम, तर साध्या विजेच्या हीटरने सुमारे २३३५ किलोग्रॅम उत्सर्जन होते. गॅस सरस ठरला.

आता २०२२ मध्ये लागू झालेले गुणांक घेऊ. गॅस ०.२१० आणि वीज ०.१३६. गॅसचे उत्सर्जन १०५० किलोग्रॅम, विजेचे ६१२. घर तेच, भिंती त्याच, पण निकाल उलटा!

हे कशामुळे झाले? २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशापासून होत होती. पुढे पवनऊर्जा वाढली, कोळसा मागे पडला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले.

दरम्यान लंडनमध्ये अनेक नव्या वसाहतींत वीज व उष्णता एकत्र देणारी गॅस इंजिने बसवली गेली होती. त्यांनी तयार केलेल्या विजेमुळे बाहेरची कोळशाची वीज वाचते, म्हणून हिशेबात त्यांना मोठी सूट मिळे. बाहेरची वीजच स्वच्छ होऊ लागल्यावर ती सूट विरली. २०१९ पासून लंडनने नव्या प्रकल्पांसाठी सुधारित गुणांकांचा आग्रह धरला. मात्र आधी बसवलेली यंत्रे व नळ तसेच राहिले.

आम्हाला या इतिहासाचे महत्त्व वाटते ते यासाठी, की येथे गुणाकार कोठेच चुकला नव्हता. इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते, गुणांक मात्र दहा वर्षांत बदलला. आजचा आकडा उद्यावर लादला, की बिनचूक गणितही चुकीच्या निर्णयाकडे नेते.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी भारतीय विजेचा गुणांक प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम आहे. विद्यार्थ्यांना शाळेच्या वीजबिलावरून वर्षाचे उत्सर्जन काढायला सांगावे. मग हाच गुणांक निम्मा झाला तर काय होईल, तेही काढून घ्यावे. उत्तराशेजारी गुणांक कोणत्या वर्षाचा, हे लिहायला मात्र त्यांनी विसरू नये.