कोसंबींचा तराजू

परवा भाचीचा फोन आला. ती ज्वारीच्या आनुवंशिकीवर पीएचडी करते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मामा, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक 'कोसंबी' नावाचा पर्याय असतो. हॅल्डेन नाहीतर कोसंबी, दोन्हींतला एक निवडायचा. तू मागे कोणा कोसंबींचं पुस्तक वाचत होतास ना, हे त्यांचेच कोणी नातेवाईक का रे?"

मी म्हटलं, "नातेवाईक नाही गं, तेच ते!"

तिचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर कॉलेजात असताना माझाही बसला नव्हता. माझ्या लेखी दामोदर धर्मानंद कोसंबी म्हणजे १९५६ चं ते भारतीय इतिहासावरचं जाडजूड पुस्तक लिहिणारे मार्क्सवादी इतिहासकार. तिच्या लेखी ते म्हणजे एक सूत्र. मधली साठ-सत्तर वर्षं आम्हा दोघांनाही एकाच माणसाचे दोन तुकडे मिळालेले, आणि तुकडे जोडायचं कोणी सांगितलेलं नाही. त्या रात्री झोप लागेना म्हणून जुनी टिपणं काढून बसलो. म्हटलं, लिहूनच काढू.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातल्या कोसबें गावचा. वडील धर्मानंद म्हणजे पालीचे पंडित. बुद्धाच्या शोधात घरदार सोडून गेलेला आणि ते सगळं 'निवेदन'मध्ये मराठीत लिहून ठेवणारा माणूस. ते हार्वर्डला कामासाठी गेले तेव्हा मुलाला बरोबर घेऊन गेले, त्यामुळे दामोदरांचं शिक्षण बरंचसं अमेरिकेत झालं. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. मग बनारस, मग अलीगढ (तिथे आंद्रे वेल हा थोर फ्रेंच गणिती विभाग चालवत होता) आणि १९३३ पासून पुण्याचं फर्ग्युसन. पोटापाण्याचा विषय गणित. इथवर सगळं सरळ आहे.

गाडी रुळावरून उतरते ती संख्याशास्त्रापाशी. उतरते म्हणजे काय, मला तर ती तिथेच रुळावर आली असं वाटतं. त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि पुस्तकातली उदाहरणं सोडवून ते शिकण्यापेक्षा हाताशी एखादा खरा प्रश्न हवा होता. तो प्रश्न त्यांना नाण्यांमध्ये सापडला. चांदीची आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेले चांदीचे ओबडधोबड तुकडे. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, अक्षर नाही. सूर्य, डोंगर, प्राणी असली चिन्हं तेवढी. कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ठरवायचं कसं?

कोसंबींचं उत्तर इतकं साधं आहे की ऐकून हसू येतं. नाणं वजन करून बघा! नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. एकाच टांकसाळीतून एकाच वेळी निघालेली नाणी सुरुवातीला जवळजवळ सारख्या वजनाची असतात. वर्षं जातात तशी त्यांची सरासरी खाली येते, आणि कोणी जास्त फिरलं, कोणी कमी, म्हणून वजनांतला फरकही वाढत जातो. शिवाय या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक खुणा असतात. नाणं तपासून घेणाऱ्यांनी वेळोवेळी मारलेल्या खुणा असाव्यात त्या. ज्या नाण्यांच्या पाठीवर खुणा जास्त, त्यांचं सरासरी वजन कमी, असं तक्षशिलेच्या साठ्यात दिसलं. म्हणजे पाठीवरच्या खुणा हेच नाण्याचं वय! तक्षशिलेला असे दोन साठे सापडले होते. एकात अलेक्झांडरची नवीकोरी नाणी होती, दुसऱ्यात डायोडोटसचं नाणं. त्यामुळे साठे कधी पुरले गेले त्याचा अंदाज होताच. त्यावर ही वजनांची शिडी उभी राहिली.

पण आपली रीत बरोबर आहे हे कशावरून? इथे मला हा माणूस सगळ्यांत जास्त आवडतो. त्यांनी त्यांच्या काळातली चालू नाणी गोळा करून वजन केली. ती कोणत्या साली पाडली हे त्यांच्यावर छापलेलंच असतं, म्हणजे उत्तर आधीच माहीत. झीज वयाप्रमाणे वाढते का, ते तपासलं आणि १९४२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापलं. हजारो नाणी, एकेक करून तराजूत.

मीही हा उद्योग एकदा करून पाहिला आहे (हसू नका). आजीच्या डब्यात पंचवीस पैशांची नाणी होती, २०११ मध्ये चलनातून बाद झाली ती. त्यांतली तांबं-निकेलवाली, मुळात अडीच ग्रॅमची, अशी चाळीसेक निवडली आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एका दुपारी वजन केली. तो बिचारा चहा मागवून गप्प बसला. निष्कर्ष? सत्तरच्या दशकातली नाणी जरा हलकी वाटली खरी, पण एकाच सालच्या दोन नाण्यांतला फरक कधीकधी दहा वर्षांच्या फरकाहून मोठा निघाला. चाळीस नाण्यांत काही कळत नाही. हजारो का लागतात, ते मात्र त्या दुपारी हाताला कळलं.

पुढे काय झालं बघा. नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडणारे राजे कोण? त्यासाठी पुराणं, पाली ग्रंथ उघडावे लागले. ग्रंथ उघडले तर पाठ शुद्ध नाहीत. मग संस्कृतात बुडी. बुडी म्हणजे किती? तर भर्तृहरीच्या शतकांची पावणेचारशेच्या आसपास हस्तलिखितं पडताळली. भर्तृहरीच्या नावावर जमा झालेले श्लोक साडेआठशेच्या घरात, त्यांतले सगळीकडे भरवशाने सापडणारे साधारण २००. ती संपादित आवृत्ती १९४८ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत आली. मला यात नाण्यांचीच रीत दिसते. हस्तलिखितही हातोहात फिरतं. फरक एवढाच की नाणं फिरून झिजतं आणि श्लोकसंग्रह फिरून फुगतो.

आता भाचीचं सूत्र. १९४४ सालचा निबंध, 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मधला. गुणसूत्रावर दोन जनुकं किती अंतरावर आहेत हे पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटतात यावरून काढतात. हॅल्डेनने १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात गुणसूत्राची अदलाबदल एका जागी झाली तर शेजारच्या जागेवर तिचा काही परिणाम होत नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात होतो. एके ठिकाणी अदलाबदल झाली की लगेच शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींनी तो अडथळा हिशेबात घेतला. आज पिकांचे असोत की रोगांचे, जनुकांचे नकाशे करणाऱ्या कार्यक्रमांत तो पर्याय असतोच. त्याआधी १९४३ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्यातलं गणित पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जगभर गेलं. संगणकाला चेहरे ओळखायला शिकवण्याच्या सुरुवातीच्या एका पद्धतीत तेच गणित आहे. त्यावर कोसंबींचं नाव क्वचितच दिसतं. असो.

१९४५ नंतर भाभांनी त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नेलं. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रं पाहून आले. राहायचे पुण्यातच, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर. डेक्कन क्वीनने जायचे-यायचे आणि सुट्टीत पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत सूक्ष्मपाषाणांची हत्यारं शोधायचे. धनगरांच्या वाटा, तिठ्यावरच्या शेंदूर फासलेल्या देवी, म्हसोबा, वेताळ यांच्या जागा आणि ही दगडी हत्यारं एकाच वाटेवर सापडतात हे त्यांनी दाखवलं. १९६२ चं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' वाचल्यापासून मला कोणताही म्हसोबा नुसता दिसत नाही.

आणि हाच माणूस मुंबईतल्या मृत्यूंचे आकडे घेऊन, ऋतूप्रमाणे मरण कसं वाढतं-घटतं हेही मांडत होता. पावसाळ्याच्या तोंडावर विषमज्वराची लस टोचली तर माणसं वाचतील, अशी सूचना त्यातून निघाली होती. तिचं कोणी काही केलं नाही.

भाभांशी त्यांचं बिनसलं. कारणं अनेक होती. एक उघड होतं. देशाची अणुसंस्था उभी करणाऱ्या माणसाच्या हाताखाली राहून हे गृहस्थ अणुवीज महाग पडेल, आपल्याकडे ऊन फुकट आहे, ते गावोगाव वापरता येतं, असं जाहीर बोलत होते. २५ जुलै १९६० ला पुण्याच्या रोटरी क्लबात तेच बोलले, १९६४ मध्ये 'सेमिनार' मासिकात तेच लिहिलं. शेणाच्या गोवऱ्या जाळणं म्हणजे शेताचं खत जाळणं, हा मुद्दा त्यात होता. जानेवारी २०२५ मध्ये भारतातली सौरवीज क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली, अणुवीज तेव्हा ९ गिगावॅटच्याही आत होती. (सूर्य रात्री मावळतो, त्यामुळे हे आकडे सरळ तोलता येत नाहीत. हे कोसंबींनीच मला आधी सुनावलं असतं.)

पण मी भक्त म्हणून लिहीत नाही. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो टिकला नाही. गणितज्ञांत नाव खराब झालं. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. 'दहा ठिकाणी हात घालणाऱ्याचं असंच होतं' असं म्हणणारे तेव्हाही असणार. मला ते पटत नाही. नाण्यांपासून म्हसोबापर्यंत ते जिथे जिथे गेले तिथे आधी हजारो गोष्टी मोजून गेले, उलटतपासणीची सोय ठेवून गेले. रीमानपाशी घाई झाली, आणि तो तर त्यांचा घरचा विषय, गणित! परक्या मुलखात सावध राहणारा माणूस घरातल्याच उंबऱ्याला अडखळला.

२९ जून १९६६ ला पुण्यात, झोपेतच ते गेले. वय अवघं ५८.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, ती नाणी अजून आहेत का रे आजीच्या डब्यात? येताना घेऊन ये. आमच्या लॅबचा काटा चार दशांशांपर्यंत दाखवतो."

डबा काढून ठेवला आहे.