यंत्राला झोपवण्याचा अधिकार

संगणकाचा प्रोसेसर रिकामा बसलेला असतानाही वीज खातच असतो, आणि ती किती खाईल हे त्याला किती गाढ व किती सलग झोपू दिले जाते यावर ठरते. दर काही मिलिसेकंदांनी त्याला जागे करणारा एखादा प्रोग्राम प्रत्यक्षात नगण्य काम करत असला, तरी प्रोसेसरला गाढ झोपेपर्यंत पोहोचू न दिल्यामुळे तो बॅटरीचे मोठे नुकसान करतो. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीममधील वीज-व्यवस्थापनाचा इतिहास हा बव्हंशी एका अधिकाराचा इतिहास ठरतो: यंत्राने केव्हा झोपावे हे कोणी ठरवायचे, आणि बेशिस्त अ‍ॅप्लिकेशनला त्या निर्णयात किती वाव द्यायचा.

इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या एपीएम या व्यवस्थेत हा अधिकार मुख्यतः बायॉसकडे, म्हणजे यंत्र सुरू होताच चालू लागणाऱ्या मूलभूत आज्ञावलीकडे होता. बायॉसला कळफलक किंवा डिस्क काही काळ शांत आहे एवढे दिसे. पण वापरकर्ता पडद्यावरचा मजकूर वाचत आहे की निघून गेला आहे, पार्श्वभूमीला एखादे काम चालू आहे की नाही, हे समजण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी जाहीर केलेल्या एसीपीआय या मानकाने निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवला आणि बायॉससारख्या फर्मवेअरकडे यंत्राच्या क्षमतांची माहिती पुरवण्याचे काम राहिले. तरीही अ‍ॅप्लिकेशनांचा नकाराधिकार शिल्लक होता. विंडोज एक्सपीमध्ये यंत्र झोपवण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रामला विचारले जाई आणि एकाने जरी नकार दिला तरी यंत्र जागेच राही. परिणामी झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप काही तासांनी तापलेला आणि बॅटरी संपलेला असा बाहेर निघू शके. २००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने हा नकाराधिकार काढून घेतला: प्रोग्रामला झोपेची सूचना मिळे आणि आवराआवरीसाठी थोडा अवधी मिळे, संमती मात्र विचारली जात नसे. हा बदल योग्यच होता, कारण झाकण मिटणाऱ्या माणसाची इच्छा एखाद्या विसरभोळ्या प्रोग्रामच्या इच्छेपुढे दुय्यम ठरण्याचे काहीच कारण नव्हते.

लिनक्सच्या वर्तुळाने त्याच सुमारास वेगळी वाट धरली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, काळ मोजण्यासाठी एक ठोका ठराविक अंतराने पडत असे आणि २.६ मालिकेच्या आरंभी पीसीवर तो सेकंदाला १००० वेळा पडे. काम असो वा नसो, प्रोसेसर तितक्या वेळा जागा होई. एप्रिल २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीने रिकाम्या वेळचा हा ठोका थांबवण्याची सोय केली, आणि मग खुद्द कर्नल गप्प झाल्यावर अ‍ॅप्लिकेशनांचा गोंगाट उघडा पडला. पुढच्याच महिन्यात इंटेलच्या आर्यन व्हॅन डे व्हेन यांनी प्रसिद्ध केलेले पॉवरटॉप हे साधन प्रोसेसरला सर्वाधिक वेळा कोण जागे करते याची नावानिशी यादी दाखवी. ज्या प्रोग्रामांचे नाव यादीत वर आले त्यांच्या सुधारणा पाठोपाठ येऊ लागल्या. ग्लिब या सामायिक आज्ञावली-संग्रहात त्याच वर्षी सेकंदांच्या हिशेबाने चालणाऱ्या टायमरची सोय झाली, जेणेकरून अनेक प्रोग्रामांची कामे एकाच क्षणी उरकून घेता यावीत आणि प्रोसेसरला वेगवेगळ्या वेळी जागे व्हावे लागू नये. दोष दाखवावा आणि तो मुळातच दुरुस्त करावा, ही या परंपरेची श्रद्धा होती, आणि जिथे मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली असते तिथे ती फळालाही येत होती.

२००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडची गृहीतके याच्या नेमकी उलट होती. कोणीही लिहिलेले अ‍ॅप फोनवर येऊ शकते, म्हणून सगळी अ‍ॅप शिस्तीने वागतील यावर विसंबता येणार नाही. तेव्हा पडदा विझल्यावर संपूर्ण यंत्र शक्य तितक्या लवकर निद्रिस्त करावे, आणि ज्याला ते जागे ठेवायचे असेल त्याने वेकलॉक नावाचे कुलूप घ्यावे, काम संपताच सोडावे. कुलूप नसलेले अ‍ॅप अखंड फेऱ्या मारत असले तरी यंत्राबरोबर तेही गोठून जाई. ही योजना २००९ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलसाठी सादर झाली, तेव्हा तिच्यावर प्रदीर्घ वाद पेटला आणि २०१० मध्ये ‘सस्पेंड ब्लॉकर’ या नव्या नावाने ती पुन्हा आल्यावरही तो शमला नाही. विरोधकांचे म्हणणे होते की बेशिस्त प्रोग्राम दुरुस्त करावेत, त्यांच्यासाठी सगळ्या यंत्राला गोठवू नये. शिवाय नोकियाच्या एन९०० सारख्या फोनमधील चिप रिकामी असतानाच इतकी कमी वीज घेई की वेगळ्या सक्तीच्या झोपेची गरज त्यांना वाटत नव्हती. समर्थकांचे उत्तर असे की अज्ञात लेखकांची असंख्य अ‍ॅप कोणी दुरुस्त करायची, आणि तोवर फोनच्या मालकाने काय करायचे.

या वादात एक प्रश्न मात्र निखळ तांत्रिक होता आणि तो दोन्ही बाजूंना मान्य करावा लागला. यंत्र झोपण्याच्या तयारीत असतानाच फोन आला, तर ती घटना झोपेखाली दडपली जाऊ शकते. कर्नलमधील वीज-व्यवस्थापनाचे देखरेखकार राफाएल विसोत्स्की यांनी ऑक्टोबर २०१० मधील २.६.३६ आवृत्तीत यावर साधा उपाय आणला: जागे करणाऱ्या घटनांची कर्नल मोजदाद ठेवतो, झोपवू पाहणारा प्रोग्राम आधी तो आकडा वाचतो आणि मग तोच आकडा परत लिहितो, आणि दरम्यान नवी घटना घडून आकडा बदललेला असेल तर लेखन फसते आणि झोप टळते. या पायावर जुलै २०१२ मधील ३.५ आवृत्तीत स्वयंचलित निद्रा आणि वेकलॉकसदृश सोय मुख्य कर्नलमध्ये आली. अँड्रॉइडची मूळ रचना जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही, पण तिने उभा केलेला प्रश्न स्वीकारला गेला, आणि या वादाचे खरे फलित तेच मानावे लागते.

तथापि कुलपावर आधारलेल्या व्यवस्थेची दुखरी बाजूही लवकरच समोर आली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की अनेक अ‍ॅपमध्ये कुलूप घेतले जाते, पण मध्येच चूक उद्भवून आज्ञावली वेगळ्या वाटेने गेली की ते सोडण्याची ओळ गाठलीच जात नाही, आणि पडदा काळा असतानाही फोन आतून जागाच राहतो. २०१५ मधील अँड्रॉइड ६.० मध्ये आलेल्या डोझ या व्यवस्थेने त्यामुळे अ‍ॅपच्या शब्दावरचा विश्वास आणखी आटवला: चार्जरला न लावलेला, पडदा विझलेला फोन बराच वेळ हलला नाही, तर वेकलॉकसुद्धा दुर्लक्षिले जातात आणि पार्श्वभूमीच्या कामांना केवळ अधूनमधून, उत्तरोत्तर लांबत जाणाऱ्या अंतराने, थोडी सवड मिळते. वापरकर्त्याने लावलेल्या गजरासाठी यातून स्वतंत्र सूट ठेवावी लागली. काही फोन-निर्मात्यांनी तर याहून कडक निर्बंध लादले आणि त्यांचा फटका शिस्तशीर अ‍ॅपनाही बसला. औषधाच्या वेळेची आठवण देणारे अ‍ॅप, ज्याने कोणतेही कुलूप अडवून धरलेले नाही, तेही अशा फोनवर ऐन वेळी गप्प राहू शकते, आणि त्याचा वापरकर्ता दोष बहुधा अ‍ॅपलाच देतो.