अतिरिक्त स्तन : चेटूक-खटल्यांपासून गर्भविज्ञानापर्यंत

इंग्लंडात १६०४ च्या कायद्याने दुष्ट पिशाच्चास पोसणे हा देहान्त शिक्षेचा अपराध ठरविला. पोसावयाचे तर स्तन हवा, या तर्काने संशयित स्त्रियांचे अंग तपासण्याची रीत रूढ झाली. मॅथ्यू हॉपकिन्स याच्या १६४५ ते १६४७ मधील मोहिमेत हे काम स्त्रियांकडूनच करवून घेतले जाई. त्यांना सापडलेली ‘चेटकिणीची स्तनाग्रे’ म्हणजे जन्मजात अतिरिक्त स्तनच होत, असे पुढे काही वैद्यकीय लेखकांनी सुचविले. हे मत जपूनच स्वीकारावयास हवे. तपासणाऱ्यांस चामखीळ, तीळ, मूळव्याधीचा कोंब, काहीही पुरत असे. शिवाय नोंदींतील चिन्हे बहुधा गुह्यभागीची आहेत; अतिरिक्त स्तनाग्र मात्र सामान्यतः स्तनाच्या किंचित खाली व अतिरिक्त ग्रंथी काखेत आढळते. एखादी अभागिनी या व्यंगापायी फासावर गेलीही असेल; पण सरसकट निदान करणे म्हणजे खटल्यांतील पुराव्यास नकळत प्रतिष्ठा देणे होय.

एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांस निराळाच मोह पडला. डार्विनने १८६८ मध्ये या स्तनांस पूर्वजगुणांचे पुनरागमन मानले. ते पाठीवरही आढळतात हे प्रायरच्या लेखनातून कळताच, आपला तर्क फार दुबळा झाल्याचे त्याने १८७१ मध्ये मान्य केले. तरी १८७४ च्या आवृत्तीत तो पुन्हा त्याच मताकडे झुकला. १८९२ मध्ये ओस्कार शुल्ट्झे याने डुकराच्या भ्रूणातील दुग्धरेषेचे वर्णन केले. मानवी भ्रूणात काखेपासून जांघेपर्यंतची ही रेषा छातीखेरीज इतरत्र लोपते. न लोपलेला अंश अतिरिक्त ऊतीच्या रूपाने उरतो. पाठीवरील स्तनाचे कोडे मात्र तिने सुटत नाही. फिनलंडच्या कायावा याने १९१५ मध्ये ग्रंथी, स्तनाग्र व त्याभोवतीचे वलय यांच्या अस्तित्वावरून आठ प्रकार पाडले. केवळ केसांचा झुबका हाही त्यांतील एक.

उपचारास दिशा मिळाली ती या वर्गीकरणानंतर. स्तनाग्रविरहित काखेतील ग्रंथी बहुधा गरोदरपणी वा बाळंतपणानंतर फुगून दुखू लागते व चरबीची गाठ किंवा लसिकाग्रंथी समजली जाते. सोनोग्राफीने, व शंका उरल्यास ऊतिपरीक्षेने, निदान होते. त्रास नसल्यास शस्त्रक्रियेची गरज नसते. वेदना, हालचालीस अडथळा, रूपाविषयीची बोच किंवा निदानाविषयी संशय असल्यास ती काढतात. त्यात दंडाच्या आतील बाजूस बधिरता येण्याचा संभव असतो. स्तनाचे सर्व रोग, कर्करोगही, या ऊतीस होऊ शकतात, आणि जागा अनपेक्षित असल्याने ते उशिरा ओळखले जातात.