पंडिता रमाबाईंची शिदोरी

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की अजूनही दोन तट पडतात. एकाला त्या निराधार स्त्रियांच्या माउली वाटतात. दुसऱ्याला घरचा धर्म टाकून गेलेल्या. हा वाद आज येथे सोडवावयाचा नाही. एवढ्या आपत्तींतून चालत राहण्याचे बळ या बाईंना कोठून आले, इतकाच प्रश्न आम्ही घेतला आहे; आणि तो धरून चालले की दोन्ही तट अपुरे पडतात.

रमाबाई १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी पंडितांचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी ती विद्या लेकीला दिली. ती केव्हा, तर भल्या पहाटे, दिवसाचा रगाडा सुरू होण्याआधी. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराण सांगे, मिळेल त्यावर राही. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना असे मुखोद्गत झाले. पुढे १८७४ च्या सुमारास, दक्षिणेत अन्नान्नदशा होऊन, वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांत गेली. मृत्यू समोर दिसत असता दृष्टी गेलेल्या वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले, तिला देवाच्या हाती सोपविले आणि जन्मभर त्याचीच सेवा कर म्हणून सांगितले.

हा निरोप आपल्याला ठाऊक कसा? १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत आपली धर्मसाक्ष लिहिली, तीत तो आहे. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी, हिंदू पित्याचे शब्द त्या आपल्या ख्रिस्ती जीवनाचा आधार म्हणून सांगतात! धर्म बदलला, पण बापाने ज्याच्या हाती दिले तो हात बदलला, असे त्यांना वाटले नाही.

बायबलशी त्यांची पहिली भेट मात्र फुकट गेली. १८७८ नंतर कलकत्त्यास त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. ती भाषा व तो विचार दोन्ही इतके परके वाटले की, ते वाचणे म्हणजे कालापव्यय, असा या विदुषीने निकाल दिला. पुढे आसामात सिल्चर येथे लूकचे शुभवर्तमान साध्या बंगालीत हाती आले, तेव्हा गोडी लागली. १८८३ साली इंग्लंडात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळणारे एक घर त्यांनी पाहिले. या स्त्रियांची एवढी काळजी का, असे विचारता तेथील भगिनीने योहानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. विहिरीवर आलेल्या त्या स्त्रीशी येशू धर्माचे गहन बोलतो. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, हे ज्यांनी पदोपदी ऐकले होते त्यांना ही गोष्ट कशी लागली असेल, हे आम्ही सांगावयास नको. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातील भुकेल्या मुली पाहताना त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपलीच भूक आठवली. सुमारे तीनशे मुली घेऊन त्या परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. शास्त्राने दिशा दाखविली असेल, पण पाय उचलावयास लावले ते त्या आठवणीने.

त्यानंतरचे काम आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. साऱ्या बायबलाचे भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत करावयाचे, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी उतारवयात त्या भाषा शिकल्या. आणि करताना काय केले? हिंदू धर्माचा वास असलेले संस्कृत शब्द शक्य तितके टाळले. रेव्हरंड टिळकांनी तर अभंगातूनच ख्रिस्त गाइला. रमाबाईंनी आईची पहाट जपली, पण त्या पहाटेची भाषा आपल्या पोथीतून बाहेर ठेविली. यामुळे त्यांचे मराठी ठिकठिकाणी रुक्ष झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी ज्याने कलकत्त्याचे ते संस्कृत बायबल आठवले, तो या हट्टाला सहज हसणार नाही.

१९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करीतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून निघाले. त्याचे खिळे मुक्तीतील बायकांनी जुळविले होते.