छत्री, घाट आणि स्मशान : माळव्यातील मराठी नगरांनी मृत्यूला दिलेली जागा

नगराचा इतिहास लिहिताना आपण राजवाडे, बाजारपेठा, देवालये आणि पाठशाळा यांची नोंद अगत्याने करतो. त्याच नगरातील माणसे अखेरीस कोठे नेली जात, वाटेत कोठे विसावत आणि मागे राहिलेल्यांनी त्यांची आठवण कोणत्या जागी जपली, हा विषय मात्र अमंगळ मानून आपण टाळतो. वास्तविक कोणत्याही समाजाचे मन समजून घेण्यास ही जागा फार उपयोगी पडते. इंदूरसारख्या नगरात तर ती दृष्टिआड करणे शक्यच नाही. राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, कान्ह नदीच्या काठी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत आणि शहरातील हजारो माणसे रोज त्यांच्यावरून ये-जा करतात. वाचनालयाच्या शताब्दीच्या या प्रसंगी, आपल्या पूर्वजांनी या मुलखात मृत्यूला कशी आणि कोठे जागा दिली, याचा थोडा मागोवा घेणे अनुचित ठरू नये.

आपली मूळची ग्रामरचना या बाबतीत स्पष्ट होती. स्मशान गावकुसाबाहेर, पाण्याच्या काठी, आणि शक्यतो यमाच्या दक्षिण दिशेस. तिरडी वेशीबाहेर पडली की ठरलेल्या जागी ती क्षणभर खाली ठेवावयाची. त्या जागेस विसावा म्हणत. दहन, अस्थिसंचय आणि दहाव्याचा पिंड ही कृत्ये नदीवर होत आणि स्नान करून माणसे परतत. गाव जिवंतांचे आणि नदीकाठ मृतांचा, अशी ही वाटणी होती. थोर पुरुषांसाठीही तिला फारसा अपवाद केला जात नसे. दहनभूमीवर एखादे वृंदावन किंवा साधा चौथरा उभारला म्हणजे कर्तव्य पूर्ण होई. रायगडावर श्रीजगदीश्वराच्या सान्निध्यात असलेली शिवछत्रपतींची समाधी किंवा कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे असलेल्या सातारकर राजघराण्याच्या समाध्या पाहिल्या, म्हणजे देशावरील या परंपरेतील साधेपणा ध्यानात येतो.

मराठे नर्मदा ओलांडून उत्तरेत स्थिरावले तेव्हा त्यांना निराळी परंपरा भेटली. राजपूत राजांच्या दहनभूमीवर घुमटाकार छत्र्या उभारण्याची रीत तेथे रूढ होती. छत्र हे राजपदाचे चिन्ह. जिवंतपणी जे मस्तकावर धरले जाई तेच मृत्यूनंतर दगडात कायम केले जाई. शिंदे-होळकरांनी ही रीत स्वीकारली, परंतु तिला आपले वळण दिले. चार खांबांवरील मोकळ्या घुमटाच्या जागी गाभारा आला, गाभाऱ्यापुढे सभामंडप आला आणि वर शिखर चढले. गाभाऱ्यात बहुधा शिवलिंगाची स्थापना होऊ लागली. या योजनेतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. स्मशान हे अशौचाचे स्थान. तेथे नित्य पूजा कशी व्हावी? परंतु शंकर हा स्वतःच स्मशानवासी. त्याची स्थापना होताच दहनभूमी हीच देवभूमी झाली. ज्या जागेवरून स्नान करूनच घरी यावयाचे, तेथे आता स्नान करून दर्शनास जाता येऊ लागले.

अठराव्या शतकातील छत्र्या व समाध्यांची स्थाने नकाशावर मांडली तर मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा मार्गच डोळ्यांपुढे उभा राहतो. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्यांची छत्री त्याच परिसरात आहे, आणि ज्याच्याशी युद्ध चालू होते त्या सूरजमल जाटानेच ती बांधविली असे सांगितले जाते. मल्हारराव होळकरांचा अंत १७६६ मध्ये आलमपूर येथे झाला. महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. यशवंतराव होळकर १८११ मध्ये भानपुऱ्यास वारले. यांपैकी बहुतेकांचा मृत्यू घरापासून दूर, मोहिमेत किंवा छावणीत झाला आणि जेथे चिता पेटली तेथेच स्मारक उभे राहिले. राज्य घोड्याच्या पाठीवर होते, तेव्हा मृत्यूचीही राजधानी ठरलेली नव्हती.

महेश्वर हा या कथेतील पहिला मुक्काम म्हणता येईल. अहिल्याबाईंनी तेथे राहूनच कारभार केला आणि नर्मदेच्या घाटावर वाडा, देवालय आणि दहनस्थान ही एकमेकांच्या निकट आली. या निकटतेमागे एक दारुण प्रसंगही आहे. जावई यशवंतराव फणसे वारल्यावर, १७९१ मध्ये, बाईंची कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने परोपरीने विनवूनही तिचा निश्चय ढळला नाही. माळव्याविषयीचा सर जॉन माल्कम यांचा ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, बाई नदीकाठी चितेपर्यंत गेल्या, नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, आणि पुढे लेक-जावयांचे सुंदर स्मारक बांधविण्यातच त्यांना काहीसे समाधान लाभले, असा वृत्तान्त आहे. देशभर घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या या स्त्रीने येथे स्वतःच्या दुःखासाठी बांधकाम केले. महेश्वरचा घाट पाहताना ही गोष्ट विसरली जाऊ नये.

१८१८ च्या मंदसोरच्या तहाने चित्र पालटले. स्वाऱ्या संपल्या, दरबार महेश्वराहून इंदुरास आला आणि राजे बहुधा आपल्या मुलखातच देह ठेवू लागले. साहजिकच स्मारकेही नगरात आली. शहराच्या पश्चिमेस तटबंदीने वेढलेली छत्रीबाग आणि मध्यवस्तीतील कृष्णपुरा ही त्यांची दोन प्रमुख स्थाने. कृष्णपुऱ्यात १८४९ मध्ये वारलेल्या कृष्णाबाई मासाहेब, १८८६ मध्ये वारलेले दुसरे तुकोजीराव आणि १९०८ मध्ये वारलेले शिवाजीराव यांच्या छत्र्या आहेत. बाहेरील भिंतींवर देवदेवता, शिपाई आणि वादक कोरले आहेत. मंडपातील खांब व कमानी यांत मराठा आणि राजपूत अशा दोन्ही पद्धतींचा मेळ दिसतो. ग्वाल्हेरीसही हेच घडले. लष्करमधील शिंद्यांच्या छत्र्या आज भरवस्तीत आहेत. वेशीबाहेरचा मृत्यू अशा रीतीने, राजघराण्यापुरता का होईना, पेठेच्या मधोमध येऊन बसला.

परंतु दगड उभा केल्याने स्मृती टिकते असे मात्र नाही. छत्रीचे खरे आयुष्य तेथील नित्यसेवेत असते. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, पुण्यतिथीचे अन्नदान आणि भजन यांसाठी गावे लावून दिली जात. मल्हाररावांच्या छत्रीमुळेच आलमपूरचा परगणा होळकरांकडे आला आणि चोहोंकडून परक्या संस्थानांनी वेढलेला हा लहानसा तुकडा शेवटपर्यंत इंदूर संस्थानात राहिला. एका दिव्याच्या तेलवातीसाठी राज्याच्या सीमा वाकल्या, असे म्हटले तरी चालेल. शिवपुरी येथे ही सेवा फार हृद्य स्वरूपात दिसते. माधवराव शिंदे १९२५ मध्ये पॅरिसमध्ये वारले. त्यांची छत्री मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर, मध्ये पाण्याचा तलाव ठेवून बांधली आहे. तेथील मूर्तींना वस्त्रे नेसविण्याची आणि त्यांच्यापुढे गायनसेवा करण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि अशा सेवांचा जुना आधार सुटला. काही ठिकाणी विश्वस्त निधी पुढे आले, काही वास्तू शासनाच्या संरक्षणात गेल्या. संरक्षणाने भिंत वाचते. पण दिवा कोणी लावावयाचा हा प्रश्न उरतोच.

राजघराण्याच्या या थाटामागे सामान्य माणसाचे स्मशान मात्र झाकले जाते. त्याच्या मृत्यूला शिलालेख नाही. प्लेगच्या साथींनी या शहरास किती ग्रासले होते, हे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इंदुरास आले तेव्हा त्यांना दिसले. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी योजलेली मिरवणूक आजही आठवण्यासारखी आहे. जो मार्ग सर्वांत स्वच्छ होईल त्यावरून मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर केले. घरोघर साफसफाई झाली, गाडेच्या गाडे केर बाहेर पडला. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा मिरवून शेवटी जाळण्यात आल्या आणि सफाई कामगारांचा फुलमाळांनी गौरव झाला. १९१८ मध्ये त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मरणाला नगरात जागा देण्यापूर्वी अकाली मरण नगरातून घालविणे हे नगररचनेचे पहिले काम होय, हीच त्या मिरवणुकीची शिकवण.

पुढे वस्ती वाढली आणि वेशीबाहेरची स्मशाने शहराच्या पोटात आली. पंचकुइया, रामबाग, जुनी इंदूर ही नावे आज मुक्तिधाम म्हणून ओळखली जातात. तेथे निवारे आहेत, बसावयास बाके आहेत. खांद्यावरची तिरडी शववाहिनीत गेली आणि विसावा नाहीसा झाला. २०२१ च्या साथीत दिल्ली, भोपाळ, सुरत अशा शहरांत स्मशाने अपुरी पडली आणि मोकळ्या मैदानांत चिता रचाव्या लागल्या, तेव्हा या जागांचा विचार आपण किती थोडा केला होता हे सर्वांस उमगले.

बडोद्याचे उदाहरण देऊन हा लेख आटोपता घेतो. सयाजीराव महाराजांनी १९३६ मध्ये विश्वामित्रीजवळ कीर्तिमंदिर उभारले. घराण्याच्या स्मृतीसाठीच्या या वास्तूत पुढे नंदलाल बसू यांची भित्तिचित्रे आली आणि स्मारक हे कलेचेही स्थान झाले. परंतु याच महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय स्थापून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले होते. त्यांचे नाव आज कीर्तिमंदिरापेक्षा त्या ग्रंथांमुळे अधिक ओठांवर आहे.

संस्थानी काळात जे काम छत्रीने केले, ते मध्यमवर्गीय मराठी माणसाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाचनालयाकडे सोपविले. आई, वडील, पती, अकाली गेलेले मूल यांच्या स्मरणार्थ कपाटे, ग्रंथसंच आणि पारितोषिके देण्याची आपली चाल त्याच जातीची आहे. त्या कपाटातील पुस्तक कोणी घरी नेले की ती सेवा चालू राहते. म्हणून या शताब्दीच्या वर्षी एक सूचना कराविशी वाटते. आपल्या परिसरातील छत्र्या, समाध्या, घाट आणि स्मशाने यांवरील लेख उतरवून घ्यावेत, वयोवृद्ध सभासदांकडून जुन्या विसाव्यांची ठिकाणे विचारून टिपून ठेवावीत, आणि देणगीदारांच्या नावांपुढे ज्यांच्या स्मरणार्थ ती देणगी होती त्यांचीही दोन ओळींत माहिती नोंदवावी. पाट्यांवरील अक्षरे पुसट होत चालली आहेत आणि सांगणारी माणसे थोडी उरली आहेत.