एका घरचे दोन डोळे

शिराळ्याच्या मारुतीसमोर हातात कॅमेरा घेऊन उभे राहिले म्हणजे हौशी छायाचित्रकाराची खरी परीक्षा होते. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी हा एक. गाभाऱ्यात अंधार, पण उगवतीला आणि मावळतीला सूर्याची तिरीप मूर्तीच्या मुखावर यावी अशी झरोक्यांची योजना बांधणाऱ्याने करून ठेवली आहे. मुखावर ऊन, भोवती काळोख! ऊन सांभाळावे तर बाकीचे सारे काळोखात बुडते. काळोख उजळावा तर मुखच पांढरेफटक होते.

अशा जागी कॅमेरा कोणता चांगला, निकॉन की कॅनन? दोन हौशी माणसे भेटली की हा वाद निघतो आणि चहा थंड होईपर्यंत चालतो. भांडणारे मोठ्या निष्ठेने भांडतात. पण ज्या दोन घराण्यांसाठी ते भांडतात, त्यांची कुळकथा पुष्कळांना ठाऊक नसते. ती मोठी मौजेची आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या लेण्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

१९३४ च्या सुमारास टोकियोत गोरो योशिदा नावाच्या गृहस्थाने जर्मन लायका कॅमेरा सुटा करून पाहिला आणि तसाच कॅमेरा जपानात घडविण्याचा ध्यास घेतला. त्याने आपल्या यंत्राला नाव दिले ‘क्वानॉन’. क्वानॉन ही जपान्यांची करुणेची देवता. म्हणजेच आपल्या कान्हेरीच्या आणि औरंगाबादच्या लेण्यांत कोरलेला अवलोकितेश्वर. ज्याच्या नावातच ‘अवलोकन’ आहे, त्याचे नाव कॅमेऱ्याला मिळावे हा योग सुंदरच म्हणायचा. भिंगाला नाव दिले ‘कश्यप’, बुद्धाच्या महाकाश्यप या शिष्यावरून. पुढे क्वानॉनचे ‘कॅनन’ झाले.

पण नाव मिळाले तरी डोळा कुठून आणायचा? उत्तम भिंग घडविण्याची विद्या त्या छोट्या कारखान्यापाशी नव्हती. ती होती १९१७ साली स्थापन झालेल्या निप्पॉन कोगाकू या कंपनीपाशी. १९३६ साली ‘हान्सा कॅनन’ बाजारात आला, तेव्हा त्याच्यावर बसविलेले भिंग निप्पॉन कोगाकूचे ‘निक्कोर’ होते. आणि ही निप्पॉन कोगाकू म्हणजेच आजची निकॉन! कॅननच्या पहिल्या कॅमेऱ्याचा डोळा निकॉनच्या घरचा होता. १९४८ साली निकॉनने स्वतःचा कॅमेरा काढला, कॅनन स्वतःची भिंगे घडवू लागला, आणि एका चुलीवरची दोन घरे वेगळी झाली. पुढची कथा भाऊबंदकीची. १९५९ साली निकॉनने भिंग जोडण्याची जी खाच ठरविली, ती डिजिटल युगातही टिकविली. कॅननने १९८७ साली जुनी खाच मोडून नवी आणली. एक भाऊ वाडवडिलांचा वाडा राखणारा, दुसरा तो पाडून नवे घर बांधणारा.

या भाऊबंदकीतला सर्वांत रंगलेला सामना २००८ सालचा. निकॉनचा डी ७०० जुलैत जाहीर झाला, तर कॅननचा ५डी मार्क टू सप्टेंबरात. दोघांचाही प्रकाशग्राही पडदा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे १९२५ च्या लायकाच्या फिल्मइतकाच. पण त्यावर निकॉनने चित्रबिंदू मांडले १ कोटी २१ लाख, आणि कॅननने २ कोटी ११ लाख.

पावसात अंगणभर भांडी मांडावीत, तसे हे आहे. निकॉनने थोडी पण मोठी पातेली मांडली. कॅननने पुष्कळ पण लहान वाट्या. अंगण एकच, पाऊसही एकच. म्हणून दोघांची चित्रे एकाच आकारात छापली तर मंद उजेडातला फरक लोक सांगतात तितका राहत नाही. मात्र बारकाव्याने छापायचे तर निकॉनचे चित्र १४ इंच रुंद होते, कॅननचे १८ इंचांच्या पुढे जाते. उलट निकॉनपाशी फोकस साधणारे ५१ बिंदू होते, कॅननपाशी ९. निकॉन सेकंदाला ५ चित्रे टिपी, कॅनन जेमतेम ४. कॅनन चलच्चित्रही घेई. निकॉनला ते मुळीच येत नसे.

आता या दोघांना शिराळ्यास आणू. मारुतीच्या मूर्तीचा पोत, शेंदराचा थर हे कॅननने टिपावे. पण मागाहून काळोख उजळू लागलो की कॅननच्या चित्रात बारीक रेघा उमटत; तेथे निकॉनचा काळोख स्वच्छ निघे. आणि नागपंचमीला? श्रावणातले झाकोळलेले आभाळ, गर्दीचा रेटा, क्षणात फणा उभारणारा नाग! तेथे निकॉनची चपळाई कामाची. पण डुलणारा नाग डुलताना दाखवायचा तर पुन्हा कॅननच हवा.

मग जिंकले कोण? काळाने याचे उत्तर मोठ्या गमतीने दिले. २०१२ साली दोघांचे वारस आले. निकॉनच्या डी ८०० ने चित्रबिंदू ३ कोटी ६३ लाखांवर नेले आणि वेग सेकंदाला ४ वर आणला. कॅननच्या ५डी मार्क थ्रीने २ कोटी २३ लाखांवर थांबून फोकसचे बिंदू ६१ केले, वेग ६ वर नेला. भावांनी एकमेकांचे अंगरखेच अदलाबदल केले! काल ‘बारकावा म्हणजे सर्वस्व’ म्हणणारे आज वेगाचे गुण गाऊ लागले.

तोवर इकडे शिराळ्यातच काळ बदलत होता. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश आले, आणि जिवंत नाग मिरविण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा थांबली. नागाच्या जिवासाठी हे योग्यच झाले. पण ज्यांचे बालपण त्या मिरवणुकीत गेले त्यांच्या मनात हुरहुर राहिली, तीही खोटी नाही. हे दोन कॅमेरे आले तेव्हा त्या प्रथेची अखेरची वर्षे चालली होती. त्या वर्षांत ज्यांनी चित्रे टिपली, त्यांना ते कळले नसेल. पण त्यांच्या हातून इतिहास लिहिला जात होता. आज ते चित्र पाहताना घरातले म्हातारे माणूस चित्रबिंदू मोजत नाही. ते गर्दीत आपले माणूस शोधते.

शिराळ्याची कथा अशी की, महाजनांच्या घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती. गोरक्षनाथ भिक्षेला आले आणि त्यांनी तो मातीचा नाग जिवंत केला. आता पूजेत पुन्हा प्रतिमा आली आहे. जिवंत नाग रानात राहिला आणि मिरवणूक चित्रांत. ती चित्रे निकॉनने काढली असोत वा कॅननने, घरोघरी ती जपून ठेवली पाहिजेत. कारण कॅमेरा दर चार वर्षांनी नवा मिळतो, गेलेला श्रावण मिळत नाही.